पणजोबांचा फेटा काळा नव्हता

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत सोप्यात एक तसबीर असते. ताठ उभा जवान, छातीवर पदकं, डोक्याला काळाभोर फेटा. मग 'काळ्या फेट्याची पलटण' शोधायला माणसं निघतात आणि तिथेच चुकतात. तो फेटा लाल किंवा केशरीही असू शकतो, कारण जुन्या फोटोत लाल रंग काळा उमटतो. त्या काळच्या बायकांच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काजळासारखं दिसतं, तेही याच कारणाने.

निगेटिव्हच्या काचेवर सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. कणातला इलेक्ट्रॉन सुटला तरच तिथे चांदी धरते. तो सोडवायला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात. निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, सुमारे २.७ असतात, लाल प्रकाशाच्या फक्त १.९. लाल प्रकाश कितीही ओता, इलेक्ट्रॉन हलत नाही. निगेटिव्हवर ती जागा कोरी राहते आणि कोरी जागा प्रिंटवर काळी उमटते. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी थरात रंगद्रव्य मिसळलं. ते हिरवा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन कणाच्या हवाली करतं. अशा ऑर्थोक्रोमॅटिक काचा लालाला मात्र आंधळ्याच राहिल्या. लालही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात आल्या, पण ऑर्थो काच लाल दिव्याखाली बघत बघत धुता येते, म्हणून स्टुडिओवाल्यांनी ती पुढेही बरीच वर्षं सोडली नाही. काळ्या फेट्यावरून साल ठरत नाही ते यामुळे. पडताळा हवा असेल तर निळ्या जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरून लाल फेट्याचा फोटो काढा.

पदकांच्या फितींचंही तेच. ब्रिटिश वॉर मेडलची फीत मधे रुंद नारिंगी आणि कडेला निळी असते. ऑर्थोवर नारिंगी गडद होते, निळी कड फिकट पडते. हे पदक १९१९ मध्ये जाहीर झालं, म्हणजे ते छातीवर असेल तर फोटो त्याआधीचा नाही.

खांद्यावरचा पलटणीचा आकडा दहापट भिंगाखाली बघा. मराठा पलटणींचे १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे आकडे १९०३ ते १९२२ एवढेच चालले. १९२२ मध्ये या सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली. बॅजवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर फोटो २६ जानेवारी १९५० नंतरचा. भिंगाला दिसत नाही असा आकडा मोबाईलच्या ॲपने 'स्पष्ट' करून दाखवला, तर तो ॲपने रचलेला आहे. ॲपने भरलेले रंगही अंदाजच. त्यावरून पूर्वजांची पलटण ठरवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

जवान जुना असला तरी प्रिंट जुनी असेलच असं नाही. वर्षश्राद्धाला नवी कॉपी करून मढवलेली असते. नोटा तपासायची यूव्ही बॅटरी अंधारात कागदाच्या मागच्या बाजूवर दोन सेकंद धरा. निळसर पांढरी चमक आली तर कागदात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५० नंतरच आलं. चमक नाही आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

हे सगळं फ्रेम उघडून करायचं, पण आधी तिरक्या उजेडात काच बघा. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात प्रिंटवरचा जिलेटीनचा थर फुगून काचेला चिकटतो. तिथे ओला, चकचकीत डाग दिसतो. तो दिसला तर फोटो ओढू नका, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट, दिवा बाजूला ठेवून कॉपी काढा.