उत्पन्नाचा आलेख आणि दाभोळची खाडी

प्रदेशाचे उत्पन्न वाढू लागले की आधी प्रदूषण वाढते आणि सुबत्ता एका पातळीला पोहोचल्यावर ते ओसरू लागते, असे सांगणारा पालथ्या वाटीसारखा आलेख अर्थशास्त्रात ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ म्हणून ओळखला जातो. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असा संबंध सुचवला तो उत्पन्न आणि विषमता यांच्यात. प्रदूषणाच्या बाबतीत तो जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये मांडला. सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांना तो बऱ्यापैकी लागू पडला, कारण धूर ज्यांच्या नाकातोंडात जातो त्यांच्याच हाती पैसा आणि आवाज येतो. कार्बन डायऑक्साइडला मात्र तो लागू पडेलच असे नाही.

ज्याचे उत्पन्न त्याच्याच वाट्याला धूर, हे यामागचे गृहीतक कोकणात डळमळते. इथली कैक घरे मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चालली. त्या उत्पन्नाचा धूर इथे निघालाच नाही. उलट खेड तालुक्यातील लोटे-परशुराम रासायनिक वसाहतीचे उत्पादन रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्पन्नात मोजले जाते आणि तिचे सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळच्या खाडीत जाते, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे भोई राहतात. जिल्ह्याची सरासरी काढली की हे दोन्ही पक्ष एकाच बिंदूत विरून जातात.

खाडीत काय होते ते पाहू. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पाणी जितके उबदार आणि खारे तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे तग धरत नाहीत. ओहोटीबरोबर बाहेर गेलेल्या पाण्यातले बरेचसे पुढच्या भरतीला परत येते, त्यामुळे घाण एका फेरीत निघून जात नाही. पावसाळ्यात वाशिष्ठी नदीचा पूर खाडी धुऊन काढतो आणि एरवी कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, तिला वाहते ठेवते. पण त्यामुळे घटते ती घाणीची लिटरमागची तीव्रता, दिवसाकाठी सोडलेल्या घाणीचे एकूण वजन नव्हे, आणि अहवाल वाचताना हा फरक हमखास निसटतो.

शिवाय वक्र दाखवतो तो त्या-त्या वर्षीचा उत्सर्ग. जड धातू कुजत नाहीत. ते गाळाला चिकटून राहतात, आणि तिसऱ्यांसारखे शिंपले याच तळाशी वाढतात. उद्या प्रक्रिया सुधारून आलेख खाली वळला, तरी गाळातला साठा त्या वर्षापासून लगेच कमी होणार नाही. म्हणून पाण्याच्या नमुन्याबरोबर गाळाचाही नमुना, तोही पावसाळ्याआधीच्या ओहोटीला घेतलेला, तपासायला हवा.