महागाई सरासरीची, खर्च आपला

निवृत्त मंडळींच्या गप्पा खर्चावर आल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते: 'बातम्यांत महागाई पाच टक्के सांगतात, आमच्या घरात मात्र दहाच्या खाली नाही.' म्हातारपणाची कुरकुर म्हणून ती उडवून लावू नये. तिच्यामागे गणित आहे, आणि हल्ली ते घरबसल्या एआयच्या मदतीने करून बघता येतं. फक्त त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि काय नाही, हे ठाऊक हवं.

महागाईचा दर ज्या निर्देशांकावरून काढतात त्याची मूळ पद्धत जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेरेस यांनी १८७१ मध्ये मांडली. लोक कोणत्या वस्तू किती घेतात याची यादी करायची आणि तीच यादी पुढे घ्यायला किती जास्त पैसे लागतात ते पाहायचं. यादी असते सगळ्या लोकसंख्येची. म्हणून तिच्यातलं घर थोडी शाळेची फी भरतं, थोडं भाडं देतं, कामावर जायला थोडा प्रवास करतं आणि थोडी औषधं घेतं. असं घर प्रत्यक्षात कुठेच नसतं. निवृत्त माणसाच्या घरात तर फी आणि रोजचा प्रवास गळालेला असतो आणि औषधपाणी वाढलेलं असतं. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी ब्युरोने ६२ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी वेगळा प्रायोगिक निर्देशांक काढून पाहिला. १९८२ अखेर ते २०११ अखेर तो वर्षाला सरासरी ३.१ टक्क्यांनी वाढला, तर सर्वसाधारण निर्देशांक २.९ टक्क्यांनी. फरक अगदीच किरकोळ वाटतो ना? पण ही पुन्हा सगळ्या वृद्धांची सरासरीच झाली. स्वतःच्या घरात ठणठणीत राहणारा आणि भाड्याच्या घरात तीन आजार सांभाळणारा, दोघे तिच्यात एकत्र मिसळलेले आहेत.

एका घराचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल. समजा उपचारांचा खर्च वर्षाला १० टक्क्यांनी वाढतो आणि बाकी सगळा ४ टक्क्यांनी. ज्या घरात उपचारांवर शंभरातले ५ जातात, तिथे आजचे १०० वीस वर्षांनी सुमारे २४२ होतात. जिथे २५ जातात, तिथे तेच १०० सुमारे ३३३ वर पोचतात.

खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या घराची आजची महागाई काढली तर ५.५ टक्के येते. तोच दर वीस वर्षं धरला की उत्तर येतं २९२, म्हणजे ४१ कमी. कारण जो खर्च वेगाने वाढतो तो एकूण खर्चातला आपला वाटाही वाढवत नेतो. वीस वर्षांनी उपचार निम्मा खर्च व्यापतात आणि घराची महागाई सात टक्क्यांपर्यंत जाते. घाईत केलेल्या हिशेबात माणूस इथेच चुकतो, आणि एआयसुद्धा.

अर्थात मनाचा अंदाजही भरवशाचा नसतो. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हा अनेक देशांत लोकांना सगळं भलतंच महागल्यासारखं वाटलं, जरी अधिकृत महागाई दोन टक्क्यांच्या आसपास होती. वारंवार घेतलेल्या वस्तूंचे वाढलेले भाव डोक्यात राहतात. स्वस्त झालेल्या किंवा क्वचित घेतलेल्या वस्तू विसरल्या जातात. तेव्हा वर्षभराचा खर्च लिहून काढण्याला पर्याय नाही.

आता एआय. आपल्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआयमागे भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) असतं. ते अफाट मजकुरावर शिकून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधत जातं. साहजिकच जे जास्त वेळा लिहिलं गेलंय तेच त्याच्या तोंडी आधी येतं. 'निवृत्तीनंतर दरवर्षी बचतीतले किती काढावेत?' असं विचारलं की बहुधा चार टक्क्यांचा नियम पुढे येतो. तो विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून, तीस वर्षांचा काळ धरून काढला. पहिल्या वर्षी बचतीच्या चार टक्के, मग ती रक्कम सर्वसाधारण महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. दुसऱ्या देशात, मुदत ठेवींवर जगणाऱ्या आणि उपचारांवर पाव खर्च करणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा कसा लागू होईल? म्हणून प्रश्नात आपली परिस्थिती घालावी लागते. खाते क्रमांक, नाव, खऱ्या रकमा देण्याची मुळीच गरज नाही. वरचा सगळा हिशेब शंभरातल्या वाट्यांवरच झाला.

आकडेमोडीसाठी 'प्रोग्रॅम लिहून चालव आणि प्रत्येक खर्च वेगळा वाढव' असं सांगावं. नुसत्या शब्दांत उत्तर देताना प्रारूप गुणाकाराचाही अंदाजच बांधत असतं. व्याजदर, करांचे नियम, पेन्शनच्या तरतुदी त्याच्या स्मरणातून घेऊ नयेत. त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं, म्हणून मूळ परिपत्रक उघडायला लावून स्वतः वाचावं. शिवाय ते होकार देण्याकडे झुकतं. 'ही योजना चांगली आहे ना?' याला बहुतेकदा हो मिळतं. 'ही योजना कोणाला तोट्याची?' हा प्रश्न जास्त कामाचा.

एक सरासरी तर आयुष्याचीच आहे. पैसे किती वर्षं पुरायला हवेत, या प्रश्नाला उत्तर म्हणून जन्मावेळचं सरासरी आयुर्मान आलं तर ते बाजूला ठेवावं. त्यात तरुणपणी दगावलेलेही धरलेले असतात. पासष्टी गाठलेल्याचं अपेक्षित वय त्याहून पुढे असतं. आणि जोडप्याचा हिशेब वेगळाच. समजा प्रत्येकाची नव्वदी गाठण्याची शक्यता ३० टक्के आहे. दोघांचं आयुष्य एकमेकांवर अवलंबून नाही असं धरलं, तर दोघांपैकी निदान एक जण नव्वदीला पोचण्याची शक्यता ५१ टक्के निघते. ९० हा आकडा एकट्याला लांबचा वाटेल. जोडप्याने मात्र खर्चाचा तक्ता निदान तिथवर न्यायला हवा.