पोट भरल्यावरही जिलेबी का जाते?

रविवारी दुपारी पुण्या-नाशिकमधल्या कोणत्याही बुफे रेस्टॉरंटमध्ये तीन पिढ्यांचे कुटुंब जेवायला बसले, की एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. पनीर टिक्का आणि कबाब केव्हाच झालेले असतात, त्यामागून दोन भाज्या, दाल मखनी, नान आणि बिर्याणीही होऊन जाते, ताटे बाजूला सारली जातात आणि ‘आता कणभरही नको’ असे एकमताने जाहीर होते. त्यानंतर पाचच मिनिटांत तीच मंडळी हातात वाटी घेऊन गरम जिलेबी आणि रबडीपाशी उभी असतात. याला आपण हावरटपणा म्हणतो, नाहीतर भरलेले पैसे वसूल करण्याची वृत्ती म्हणतो. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे. पण कणभरही नको म्हणणारा माणूस त्या क्षणी खोटे बोलत नसतो, आणि जिलेबीकडे वळणाऱ्याची भूकही लटकी नसते. तृप्ती एका ठिकाणी आणि एकाच वेळी होत नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ जाक ल मान्याँ यांनी १९५६ साली उंदरांवर एक साधा प्रयोग केला. खाद्य तेच ठेवून त्याला फक्त निरनिराळे वास लावले आणि ते एकामागून एक पुढे ठेवले, तेव्हा उंदरांनी एकाच वासाच्या खाद्यापेक्षा कितीतरी अधिक खाल्ले. माणसांवरचे गाजलेले प्रयोग बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये केले आणि १९८१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना प्रथम अनेक पदार्थ चाखायला देऊन प्रत्येक किती आवडला ते विचारले, मग त्यांतला एकच पदार्थ पोटभर खाऊ घातला आणि शेवटी पुन्हा सगळे पदार्थ चाखायला दिले. जो पदार्थ खाल्ला होता त्याची गोडी घसरली होती. न खाल्लेल्या पदार्थांची मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच शिल्लक होती. याला संवेदनविशिष्ट तृप्ती असे म्हणता येईल. आणखी एका प्रयोगात चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस एकामागून एक दिली, तेव्हा एकाच सारणाच्या सँडविचच्या तुलनेत लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले.

या घटनेचा पोटाशी संबंध किती कमी आहे, हे पुढच्या संशोधनातून दिसले. एडमंड रोल्स यांच्या गटाने माकडांच्या मेंदूत, डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या भागातील चेतापेशींची नोंद घेतली. माकडाला ग्लुकोजचे द्रावण नकोसे होईपर्यंत पाजले की ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी हळूहळू शांत होत, पण त्यांतल्याच काही पेशी ब्लॅककरंटच्या रसाचा थेंब जिभेवर पडताच पुन्हा सक्रिय होत. माणसांमध्येही एखादा पदार्थ न गिळता नुसता चघळला, किंवा जेवणाला लागतो तेवढा वेळ त्याचा फक्त वास घेतला, तरी त्याची गोडी काही प्रमाणात उतरते. चार तास चुलीपुढे उभे राहून पुरणपोळ्या लाटणारी गृहिणी ‘वासानेच पोट भरले’ म्हणते, तेव्हा ती एक तपासून पाहिलेली गोष्ट सांगत असते. फक्त भरते ते पोट नसते. सर्वांत चकित करणारा पुरावा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांचा आहे. असे काही रुग्ण नुकतेच जेवलो हे विसरतात आणि पुढे ठेवलेले दुसरे जेवणही जेवतात. २००८ साली ब्रिटनमध्ये सुझन हिग्ज आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना तपासले, तेव्हा जेवल्याची आठवण नसूनही नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाची त्यांची गोडी कमी झालेली आढळली. म्हणजे ‘हे आत्ताच खाल्ले’ याची खूणगाठ मेंदू जाणिवेतल्या आठवणीशिवायही बांधून ठेवतो.

आता बुफेच्या टेबलाकडे पाहू. झाकणे उघडल्यावर आठ-दहा भाज्या दिसतात, पण हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्या प्रत्येकीची तयारी वेगळी झालेली नसते. कांदा-टोमॅटोची, टोमॅटो-लोण्याची मखनी, काजू आणि मगज यांची पांढरी आणि पालकाची हिरवी अशा तीन-चार ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत सकाळीच तयार असतात. एकीत पनीर पडले की पनीर बटर मसाला होतो, कोफ्ते पडले की मलई कोफ्ता, आणि दोन ग्रेव्ही एकत्र करून वरून कसुरी मेथी चुरडली की तिसरेच नाव मिळते. यात फसवणूक काही नाही, एवढ्या गिऱ्हाइकांना वेळेवर वाढायचे तर दुसरा मार्गही नाही. पण मेंदूच्या हिशेबात प्रत्येक नवे रूप थोडे तरी नवे असते. रोल्स यांच्याच एका प्रयोगात पास्ता तोच, सॉस तोच, फक्त आकार तीन प्रकारचे दिले, तरी लोकांनी आपल्या आवडत्या एकाच आकारापेक्षा सुमारे १४ टक्के अधिक खाल्ले. मग रंग, पोत, तापमान आणि चव हे सगळेच जिथे बदलते, तिथे गोडी उतरायला अवसरच मिळत नाही. कुरकुरीत पापडानंतर मऊ दहीवडा, तिखट भाजीनंतर गार रायता, आणि रायत्याने तोंड सावरले की पुन्हा तिखट.

ही प्रेरणा घरातल्या सगळ्यांना सारखी लागू होत नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली वयानुसार तुलना केली, तेव्हा संवेदनविशिष्ट तृप्ती पौगंडावस्थेतील मुलामुलींमध्ये सर्वांत ठळक आणि ६५ वर्षांपुढच्या लोकांमध्ये सर्वांत क्षीण आढळली. सातवी-आठवीतला नातू चार खेपा घालतो आणि आजी एका वरणभातावर समाधानाने थांबते, त्याच्या मुळाशी संस्कारांच्या जोडीला हे शरीरशास्त्रही आहे. आजीचा एकच पदार्थ शेवटपर्यंत खाण्याचा कंटाळा कमी झालेला असतो. वाढत्या वयात अशाने आहार एकसुरी होण्याचा धोका असतो, म्हणून तिच्या ताटात मुद्दाम एखादी वेगळी गोष्ट वाढणे चांगलेच. सर्वांत धाकट्या सदस्याची गोष्ट निराळी आहे. सुमारे साडेतीन वर्षांची मुले ताटात किती वाढले आहे याची पर्वा न करता भुकेपुरते खातात, तर पाच वर्षांची मुले जास्त वाढले की जास्त खातात, असे २००० सालच्या एका अभ्यासात दिसले. दीड घास खाऊन टेबलाखाली शिरणाऱ्या लहानग्याला ‘पैसे भरलेत, खा’ असे म्हणत भरवू पाहणारे पालक त्याच्याजवळची शाबूत यंत्रणा मोडीत काढत असतात.

पोट अर्थातच अगदी गप्प बसलेले नसते. रिकामे जठर लहान असते आणि घास येऊ लागले की त्याचा वरचा भाग आपोआप सैलावतो, त्यामुळे लिटरभर अन्न सहज मावते. त्याच्या भिंती ताणल्या गेल्याची खबर व्हेगस नावाच्या चेतातंतूमार्फत मेंदूकडे जाते. लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने उतरू लागली की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ यांसारखी संप्रेरके सुटतात आणि तीही थांबण्याचा इशारा देतात. ही साखळी पूर्ण व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. पंगतीत हा वेळ आयता मिळत असे, कारण भात, मग पुरी, मग मसालेभात आणि शेवटी ताकभात असा क्रम आणि वेग वाढप्याच्या हातात होता. बुफेत वेग आपल्याच हातात असतो, आणि इशारा पोहोचायच्या आत दोन खेपा होऊन जातात. सुरुवातीला सूप घेतले तर मात्र फरक पडतो. तांदूळ, कोंबडी आणि भाज्यांचा पदार्थ नुसता दिला, त्यासोबत पाणी प्यायला दिले, किंवा तेच पाणी त्यात घालून त्याचे सूप केले, अशी तुलना १९९९ साली झाली होती. सूप घेतलेल्या स्त्रियांनी पुढच्या जेवणात कमी खाल्ले. सोबत प्यायलेल्या पाण्याचा तसा परिणाम झाला नाही.

सोबतीचा परिणाम तर पदार्थांइतकाच मोठा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांकडून सात-सात दिवसांच्या जेवणाच्या नोंदी लिहून घेतल्या. इतरांसोबतचे जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठे निघाले, आणि सोबतीला घरचे लोक किंवा मित्र असले तर वाढ अधिकच. कारण बरेचसे साधे आहे. गप्पा रंगतात, जेवण लांबते आणि समोर अन्न असते.

पैसे वसुलीच्या वृत्तीवरही प्रयोग झाले आहेत. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांच्या १९८० च्या निबंधात अमर्याद पिझ्झाच्या एका प्रयोगाचा उल्लेख आहे: ज्यांना जेवणाआधी पैसे परत मिळाले त्यांनी, पैसे भरलेल्यांपेक्षा कमी पिझ्झा खाल्ला. बुफेच्या किमतीवर नंतर कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांनीही बरेच लिहिले आणि ते वर्तमानपत्रांतून खूप गाजले. मात्र २०१७ पासून त्यांच्या पिझ्झा बुफेच्या निबंधांतील आकडे एकमेकांशी जुळत नसल्याचे इतर संशोधकांनी दाखवून दिले, त्यांचे डझनभरापेक्षा अधिक निबंध मागे घेतले गेले आणि विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले. खाण्याच्या सवयींबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारे कितीतरी चटपटीत निष्कर्ष याच कामातून आलेले आहेत, म्हणून ते वाचताना हात आखडता घेतलेला बरा.

जिलेबीचा प्रश्न राहिलाच. ती गोड आहे, तिखटमिठाच्या जेवणानंतर तिची चव कोरी करकरीत आहे, एवढे कारण संवेदनविशिष्ट तृप्तीतून मिळतेच. पण गोडाचे आणखी एक खास प्रकरण असावे. कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले, की पोट भरल्याचा संदेश देणाऱ्या उंदरांच्या मेंदूतील चेतापेशीच साखर समोर येताच बीटा-एंडॉर्फिन हे अफूसारखे काम करणारे रसायन सोडतात. ‘थांब’ म्हणणारी पेशी साखरेपुरती ‘घे’ म्हणते. या रसायनाचा मार्ग अडवला तेव्हा पोट भरलेल्या उंदरांनी साखर खाल्ली नाही, भुकेल्या उंदरांना मात्र काही फरक पडला नाही. माणसांच्या मेंदूच्या प्रतिमांतही, उंदरांत हा मार्ग जिथे पोहोचतो त्याच भागाने साखरेच्या द्रावणाला प्रतिसाद दिला.

टेबलावरच्या विविधतेची दुसरी बाजू झाकणाखाली असते. चेफिंग डिशमध्ये अन्नाचे भांडे पाण्याच्या वाफेवर बसवलेले असते, त्यामुळे भाजी तळाला लागत नाही. पण ही व्यवस्था गरम अन्न गरम ठेवण्यापुरती आहे, गार अन्न तापवण्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे वाढायचे गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राहिले पाहिजे, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि शिजलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक राहू नये. यात सर्वांत दुर्लक्षित पदार्थ भात आहे. बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजे भात शिजतानाही जिवंत राहतात, कोमट भातात रुजतात, आणि त्यातून तयार होणारे उलटी करवणारे विष नंतर कितीही परतले तरी नष्ट होत नाही. मटणाच्या रश्श्याचे मोठे पातेले हळूहळू निवते, तेव्हा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो, आणि त्याला ४३ ते ४७ अंशांचे तापमान फार मानवते. म्हणून झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल, तर त्या भांड्यापुढून सरकावे. खाद्यपदार्थांपुढे लावलेली तिरकी काच ही अमेरिकी रेस्टॉरंटमालक जॉनी गार्नो यांची कल्पना, १९५९ सालची. ती शिंकेपासून वाचवते, पण सगळ्यांच्या हातांतून फिरणाऱ्या डावाच्या दांड्यापासून वाचवत नाही. पहिले ताट भरून जागेवर आल्यावर हात धुवावेत.

मधुमेह असलेल्यांना बुफेत एक सोय मिळते, ती क्रमाची. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे तीन पिढ्यांच्या टेबलावर असे कुणीतरी असतेच. न्यूयॉर्कमधील वाईल कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१५ साली ११ रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. भाज्या व कोंबडी आधी आणि पाव नंतर खाल्ला, तेव्हा तासाभराने रक्तातील साखर ३७ टक्के कमी भरली. अभ्यास लहान आहे, पण आपल्याकडे सहज करता येण्याजोगा आहे: टिक्का, कोशिंबीर आणि डाळ आधी, नान आणि भात मागून.

जेवणानंतर रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळतो. तरुण शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब सांभाळते. उतारवयात हे जमत नाही आणि जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० एककांनी किंवा अधिक खाली येऊ शकतो, विशेषतः जेवण पिष्टमय आणि जड असेल तर. अशा वेळी उठताना भोवळ येते. शतपावली साखरेसाठी चांगलीच आहे, पण आजी-आजोबांनी लगेच खुर्चीवरून ताडकन उठू नये, उठताना कुणाचा तरी हात धरावा, आणि रक्तदाबाची गोळी अशा जेवणाच्या तोंडावर घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.