जर्मेनियम जितकं पातळ, तितका डिटेक्टर वेगवान

मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये आपल्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यात सुरू केला. अशा डेटा सेंटरमध्ये रॅकारॅकांत फायबर पसरलेलं असतं. प्रत्येक फायबरच्या टोकाला बोटाएवढं धातूचं मॉड्यूल, स्विचमध्ये खटकन बसणारं, चालू असताना हाताला चांगलंच गरम लागणारं. त्याच्या आतला डिटेक्टर प्रकाशाची पुन्हा वीज करतो. रस्ता खोदताना केबल तुटली की पुणेकर नेटच्या नावाने शिमगा करतात. पण केबल शाबूत असतानाही वेग अडतो अशा जागांपैकी एक म्हणजे हा डिटेक्टर.

मुळात अडचण चिपच्या सिलिकॉनचीच. साधारण 1.1 मायक्रॉनपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्यातून आरपार जातो आणि फायबरमध्ये चालतो तो 1.31 किंवा 1.55 मायक्रॉनचा. तो शोषून घेतं जर्मेनियम. पण त्याच्या अणूंमधलं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी जास्त असल्याने एकावर दुसरं वाढवलं की स्फटिकात दोष पडतात आणि अंधारातही प्रवाह गळत राहतो. बेल लॅब्जमध्ये ल्युरी, कास्टाल्स्की आणि बीन यांनी 1984 मध्ये सिलिकॉनवर जर्मेनियमचा डिटेक्टर करून दाखवला, तोही मध्ये दोन्हींच्या मिश्रणाचा जाड थर घालून. तो जाड थर टाळण्याची वाट एमआयटीच्या 1999 च्या कामाने रुळवली : आधी कमी तापमानाला पातळ थर, मग जास्त तापमानाला उरलेलं जर्मेनियम आणि शेवटी तापवणं-निववणं पुन्हा पुन्हा. दोष बरेच घटले.

मग प्रश्न उरला वेगाचा. प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन जर्मेनियममधून फार तर सेकंदाला 60 किलोमीटरने धावतात. एका सेकंदात पुण्याहून लोणावळ्याच्या आसपास! तरीही एक मायक्रॉन ओलांडायला 16-17 पिकोसेकंद लागतात आणि डिटेक्टर 25-30 गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला 25-30 अब्ज चढउतारांच्या) आसपास अडकतो. थर पातळ केला तर वरून आलेला प्रकाश पुरता शोषला जायच्या आत निघून जातो.

मला यातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते ती प्रकाश वरून न टाकता वेव्हगाइडमधून, म्हणजे चिपवरच्या प्रकाशाच्या अरुंद वाटेतून, आडवा आणण्याची. प्रकाशाने लांबीभर जावं, इलेक्ट्रॉनांनी फक्त रुंदी ओलांडावी. इंटेलने 2007 मध्ये अशा रचनेतून 31 गिगाहर्ट्झ गाठले. पुढे सगळा भर रुंदी घटवण्यावर. मात्र विजेची दोन टोकं जवळ आली की धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि वेग घटतो, म्हणून उपकरणही इवलंसं ठेवावं लागतं.

जर्मनीतल्या आयएचपी संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत जर्मेनियमची उभी पातळ पट्टी दोन सिलिकॉन थरांमध्ये धरलेली आहे. वाहकता ठरवणारी अशुद्धी जर्मेनियममध्ये न घालता सिलिकॉन वाढवतानाच त्यात मिसळलेली, त्यामुळे रेंगाळणारे विद्युतभार फारसे उरत नाहीत. बँडविड्थ, म्हणजे वेगाची मर्यादा, 265 गिगाहर्ट्झ. तोवर हा पल्ला इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचाच मानला जाई.

किंमत मोजावी लागली ती संवेदनशीलतेत : एका वॅटला 0.3 अँपिअर. 240 गिगाहर्ट्झवर भागवलं तर 0.45. एका लेनमधून (वाहिनीतून) सेकंदाला 200 गिगाबिट पाठवणाऱ्या डेटा सेंटरच्या मॉड्यूलला साधारण 60 गिगाहर्ट्झही पुरतात, त्यामुळे तिथे अजून तरी जास्त संवेदनशील डिटेक्टरच परवडतो.