चिलरमधला गॅस काढण्याआधी: परवानगी, पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

चिलर म्हणजे मोठ्या इमारतीसाठी किंवा प्लांटसाठी पाणी गार करणारे मशीन. त्याचा कॉम्प्रेसर उघडायचा असो, ट्यूब बदलायच्या असोत किंवा चिलर भंगारात काढायचा असो, सगळ्यात आधी आतला थंडावा देणारा गॅस (रेफ्रिजरंट) सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. तो हवेत सोडता येत नाही. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोन थराला घातक असलेले गॅस नियंत्रणाखाली आले आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४ए सारखे एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅसही त्यात आले. आर-१३४ए चा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते. मोठ्या चिलरमध्ये असे शेकडो किलो असतात.

हे काम प्रमाणित तंत्रज्ञच करू शकतो. उमेदवारी करणाऱ्याने त्याच्या देखरेखीखाली हात लावावा. प्रमाणपत्र नुसते असून भागत नाही, ते तुमच्या मशीनच्या प्रकाराचे आहे का तेही पाहा. उदाहरणार्थ, अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली आर-१३४ए च्या चिलरसाठी टाइप २ लागते, तर आर-१२३ सारख्या कमी दाबाच्या मशीनसाठी टाइप ३. युरोपीय संघात एफ-गॅस (फ्लोरिनयुक्त गॅस) नियमांखालचे प्रमाणपत्र लागते.

वर्क परमिटचा, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीचा अर्ज इमारतीच्या किंवा प्लांटच्या सुरक्षा विभागाकडे करायचा. त्यात मशीनचा मॉडेल व सीरियल नंबर, नेमप्लेटवरचा गॅस आणि त्याचे वजन, कामाचे कारण, तारीख आणि काम करणाऱ्यांची नावे लिहा. सोबत प्रमाणपत्राची प्रत, गॅसचे सुरक्षा माहितीपत्रक, सिलिंडरच्या दाबचाचणीची नोंद, वजनकाट्याचा कॅलिब्रेशन दाखला आणि वीज तोडून कुलूप लावण्याची योजना जोडा. वेल्डिंग होणार असेल तर त्याचे परमिट वेगळे. मशीनरूमच्या हवेशीरपणाचा रकाना तर कधीच कोरा सोडू नका. या गॅसची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. वास येत नाही म्हणून माणूस गाफील राहतो आणि तिथेच कोसळतो.

सिलिंडर किती लागतील हे अर्जातच मांडा. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगतो आणि वर जागा नसेल तर सिलिंडर फुटू शकतो. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये ४८ लिटर द्रव, म्हणजे आर-१३४ए सुमारे ५७ किलो. नेमप्लेटवर २०० किलो असतील तर चार सिलिंडर हवेत, तीन पुरणार नाहीत. एका सिलिंडरमध्ये दोन गॅस कधीही मिसळू नका. मिसळलेला गॅस शुद्ध करून परत वापरणे जवळपास अशक्य होते.

परमिट हातात आले की आधी द्रवरूप गॅस काढा, मग त्याची वाफ. सगळ्यात महागडी चूक इथेच होते. दाब उतरला की उरलेला द्रव उकळतो आणि ट्यूबमधल्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. आर-१३४ए चा दाब गेजवर सुमारे १.९ बारच्या खाली गेला की द्रवाचे तापमान शून्य अंशाखाली जाते. पाणी थांबलेले असेल तर ते ट्यूबमध्येच गोठते, ट्यूब फाटते आणि पाणी थेट गॅसच्या बाजूला शिरते. म्हणून इव्हॅपोरेटर (जिथे पाणी गार होते) आणि कंडेन्सर (जिथे उष्णता बाहेर जाते) दोन्हीकडचे पाणी फिरते ठेवा, नाहीतर आधीच पूर्ण काढून टाका. शेलच्या (ट्यूब ज्यात असतात त्या टाकीच्या) तळाशी बाहेरून दहिवर दिसले तर आत अजून द्रव आहे, थोडे थांबा.

दुरुस्तीनंतर कोरड्या नायट्रोजनने गळती तपासा. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेस्ड हवा चालणार नाही. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढणे. साधा गेज इथे कामाचा नाही, मायक्रॉन गेज लागतो (मायक्रॉन हे अगदी कमी दाबाचे एकक, आकडा जितका लहान तितका व्हॅक्यूम चांगला) आणि तो पंपापासून लांब, मशीनच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. लक्ष्य ५०० मायक्रॉन, निर्मात्याचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. २५ अंशांना पाणी सुमारे २४,००० मायक्रॉनला उकळायला लागते, म्हणून ओल असेल तर काटा रेंगाळतो. घाई करू नका. ४,६०० च्या खाली पाण्याचा बर्फ होऊ शकतो आणि तो निघायला फार वेळ लागतो. मध्ये नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडा आणि परत खेचा. शेवटी पंप बंद करून पाहा: आकडा चढून एका जागी स्थिरावला तर ओल, चढतच राहिला तर गळती. व्हॅक्यूममध्ये असताना हर्मेटिक मोटर (कॉम्प्रेसरच्या बंद कवचातली मोटर) सुरू करू नका, तिची मेगर चाचणी (इन्सुलेशनची तपासणी) ही घेऊ नका. वाइंडिंगमध्ये ठिणगी पडून मोटर जळते.

परमिट बंद करताना प्रत्येक सिलिंडरचे आधीचे आणि नंतरचे वजन लिहा. नेमप्लेटवर २०० आणि काट्यावर १६८ भरले तर १६८ च लिहा. काही गॅस तेलात विरघळलेला राहतो, पण ३२ किलोंचा फरक तेवढ्याने सुटत नाही. पुन्हा गॅस भरण्याआधी तो गेला कुठून हे शोधा आणि सापडलेली जागा मशीनच्या लॉगबुकात नोंदवा.