माळवदावरचं गरम पाणी

सोलापुरात पाणी तापवायला सोलर कशाला, असं मे महिन्यात कोणी विचारलं तर त्याचं काही चुकलं नाही. पारा ४२-४३ ला गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. आणि सोलरवर घर गरम करायचं म्हणाल तर तो विषयच आपल्याकडं नाही, इथं सगळी धडपड घर गार ठेवायची. पण डिसेंबरात पहाटे बादलीभर कढत पाणी लागतंच ना.

आधी चुलवण होतं, मग तांब्याचा बंब आला. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, तुराट्या, करवंट्या, गोवऱ्या, हाताला लागेल ते आत सारायचं. धूर भरपूर व्हायचा पण त्यामागचं डोकं भारी होतं, आग चहूबाजूंनी पाण्यानंच वेढलेली म्हणजे उष्णता फार वाया जात नाही. मग रॉकेलचा स्टोव्ह, बादलीत सोडायचा रॉड, मग गिझर आणि गिझरच्या मागोमाग लाईटबिल.

उन्हाची आयडिया तशी लई जुनी. १७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं काचेच्या पेटीत ऊन कोंडून दाखवलं, १८९१ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं काचेखाली काळ्या टाक्या ठेवून पेटंट घेतलं. अडचण एकच, रात्री पाणी गार. ती सोडवली १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेलीनं, टाकी वेगळी काढून वर ठेवली आणि पाणी गरम राहावं म्हणून तिला गुंडाळलं, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि गार खाली येतं, पंप लागतच नाही. आपल्या गच्चीवरचा हीटर आजही याच तत्त्वावर चालतो. तिकडं नंतर स्वस्त गॅस आला आणि हे मागं पडलं, इस्राएलनं मात्र १९८० पासून नव्या घरांना सक्तीच केली.

आपल्याकडं सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर सरकार जागं झालं, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं वेगळं खातं निघालं. २०१० च्या केंद्राच्या सौर मिशनमध्ये हीटरला सबसिडी होती, ती २०१४ ला बंद झाली. तोवर चिनी बनावटीच्या, पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांचे हीटर स्वस्तात यायला लागले होते, त्यामुळं सबसिडी गेली तरी गाडी अडली नाही.

सोलापुरात खरी अडचण उन्हाची कधीच नव्हती, पाण्याची होती. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसाआड यायचं, मधल्या दिवसांत बोअर, आणि बोअरचं पाणी जड. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या जुन्या हीटरमध्ये क्षार साचून वाट बंद व्हायची. काचेच्या नळ्या रुंद, त्या काढून धुता येतात, पण त्यांचा वेगळाच नखरा. टाकी रिकामी राहिली, नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या आणि दुपारी अचानक पाणी आलं की काच तडकते. आमच्याकडं एकदा असंच झालं, पाणी आल्याच्या आनंदात कॉक उघडला आणि वरून आवाज आला, बसवणाऱ्यानं हे सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून रिकामी टाकी भरायची तर सकाळी लवकर नाहीतर सूर्य मावळल्यावर.

२०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर ही छतावर उन्हापासून वीज करायची केंद्राची योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, आणि लोक म्हणायला लागले हीटर काढा, विजेचं पॅनल लावा, गिझर त्यावरच चालवू. जरा हिशोब करा. १०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशावर न्यायला साधारण साडेतीन युनिट लागतात, म्हणजे १ किलोवॅट पॅनलची जवळजवळ दिवसभराची कमाई. पॅनल उन्हाचा पाचवा भाग वीज करतं, हीटर निम्म्याच्या आसपास ऊन पाण्यात उतरवतो, त्यामुळं जागाही कमी लागते.

माझं मत, चालू हीटर काढू नका. आमच्या गल्लीत एकानं पॅनलचा सांगाडा डोक्याच्या वर उचललाय आणि हीटर त्याच्या दक्षिणेला ठेवलाय, सावलीची भांडणं नाहीत. खर्च वाढला, पण खाली वाळवणाला जागाही राहिली.