विधायक कार्यालयीन राजकारण

कार्यालयीन राजकारण म्हणजे नोकरीच्या ठिकाणी हुद्द्याने मिळालेल्या अधिकारापलीकडे जाऊन प्रभाव मिळवणे आणि वापरणे. बढती, पगारवाढ, मनासारखे काम, साहेबांचा विश्वास या गोष्टी सगळ्यांना पुरतील इतक्या कधीच नसतात आणि त्या कोणाला द्यायच्या याचे मोजमापही अर्धवटच असते. त्या अर्धवट जागेत राजकारण शिरते. ‘मी पॉलिटिक्समध्ये पडत नाही’ हे वाक्य नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत अभिमानाने ऐकवले जाते. पण चार माणसे एकत्र काम करतात तिथे न पडण्याची सोय नसते. गप्प बसणाऱ्याच्या वाट्यालाही निर्णय येतातच, फक्त ते घेताना त्याला कोणी विचारलेले नसते. हाच प्रभाव उघडपणे, स्वतःचे हित न लपवता आणि काम पुढे जाईल अशा रीतीने वापरला, तर ते राजकारण विधायक ठरते.

या शब्दाला आज कुजकट वास आहे. कान भरणे, कंपूशाही, वशिला, श्रेय लाटणे, खापर फोडणे हे सगळे त्यातच मोडते. जुन्या मराठी पत्रव्यवहारात मात्र ‘राजकारण’ मसलत आणि वाटाघाट या अर्थांनीही येते, आणि विधायक प्रकाराला तोच अर्थ अधिक जवळचा आहे.

फ्रेंच आणि रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार सांगितले : शिक्षा, बक्षीस, हुद्दा, जाणकारी आणि आपलेपणातून येणारा मान. पहिले तीन बहुतांशी खुर्चीबरोबर येतात. शेवटचे दोन कोणालाही कमावता येतात. स्टोअरमधला जुना माणूस किंवा वीस वर्षे एकाच मशिनवर काढलेला ऑपरेटर पदांच्या आराखड्यात तळाशी असतो, पण त्याच्या एका शब्दावर काम अडते किंवा सुटते. नव्याने आलेल्या इंजिनिअरला हे कळायला बहुधा एक वर्ष आणि दोन-तीन अपमान लागतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. त्यानंतर सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. ओझरला विमान कारखाना आला. मोठ्या कंपन्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले. त्यामुळे इथले औद्योगिक जग आकाराने मोठे असले तरी ओळखीपाळखीने लहान आहे. एका कंपनीत ज्याच्यावर कुरघोडी केली, तोच पाच वर्षांनी ग्राहक कंपनीचा क्वालिटी ऑडिटर म्हणून समोर बसतो. जेराल्ड फेरिस या व्यवस्थापन-संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी राजकीय कौशल्याचे चार घटक मांडले आहेत : माणसे ओळखणे, त्यांच्याशी जुळवून घेत प्रभाव पाडणे, संबंध जोडणे आणि प्रामाणिक दिसणे. शेवटच्या घटकात ‘दिसणे’ आहे, ‘असणे’ नाही. नाशिकसारख्या गावात नुसते दिसणे फार दिवस टिकत नाही.

विधायक आणि विघातक यांतला फरक पाळी बदलताना सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिल्या पाळीच्या शेवटी नापास मालाच्या लाल बिनमध्ये चाळीस पीस पडलेले असतात, बोअर ओव्हरसाइज, म्हणजे आतले भोक मापापेक्षा मोठे. रिजेक्शन कोणाच्या नावावर? एक सुपरवायझर थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो आणि ‘सेकंड शिफ्टवाल्यांनी सेटिंग हलवून ठेवली होती’ असे सांगून मोकळा होतो. दुसरा थांबतो. पुढच्या पाळीच्या सुपरवायझरला मशिनपाशी नेतो, शेवटचा चांगला पीस आणि पहिला खराब पीस शेजारी ठेवतो, इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) किती वाजता बदलला ते लॉगबुकात लिहितो आणि खाली दोघांच्या सह्या होतात. आता प्रश्न माणसाचा राहत नाही, इन्सर्टचा होतो. या दुसऱ्या सुपरवायझरनेही स्वतःचा बचाव केलाच आहे. पण तो ज्याच्याविषयी बोलतो आहे त्याच्यासमोर केला, एवढाच फरक, आणि विधायक राजकारणात तोच निर्णायक आहे.

बैठकीतला धक्का टाळणे हा या कौशल्याचा दुसरा मोठा भाग. आदल्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन ‘नाना, उद्या इन्सर्टच्या स्टॉकचा विषय काढतोय. तुमच्याकडं नेमकं कुठं अडतंय ते आधी सांगा, म्हणजे साहेबांपुढं तुमची पंचाईत नको’ असे म्हणणारा माणूस दुबळा नसतो. कदाचित पर्चेस खात्याने ऑर्डरच उशिरा सोडलेली असते, आणि उद्याचा वाद चुकीच्या माणसाशी होणार होता हे तिथेच कळते. बैठक संपल्यावर कोणी काय करायचे हे चार ओळींत लिहून सगळ्यांना पाठवणे, आणि ज्याची कल्पना त्याचे नाव वरिष्ठांपुढे घेणे, हेही याच वर्गातले. नाव घेण्याने घेणाऱ्याचे काही कमी होत नाही. तरीही ते फार थोडे लोक करतात, याची खंत वाटते.

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) यांनी १९२५ च्या एका व्याख्यानात मतभेद मिटवण्याचे तीन मार्ग सांगितले : वर्चस्व, तडजोड आणि दोघांच्याही गरजा पुऱ्या करणारी जुळणी. त्यांचे उदाहरण ग्रंथालयातले आहे. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेजारच्या खोलीतली खिडकी उघडल्यावर त्याला हवा मिळाली आणि यांच्या अंगावर वारा आला नाही. नाशिककरांना असेच उदाहरण सिंहस्थ कुंभमेळ्यात सापडते. पहिल्या स्नानाच्या मानावरून साधूंच्या शैव आणि वैष्णव आखाड्यांत रक्तपात होत असे. पेशवाईच्या काळात जागा वेगळ्या झाल्या. तेव्हापासून शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव रामकुंडावर स्नान करतात. ‘पहिला कोण’ हा प्रश्न सुटला नाही, तो विचारण्याची गरजच उरली नाही. उत्पादन आणि क्वालिटी यांच्या रोजच्या भांडणात अशी दुसरी खिडकी शोधणे पुष्कळदा शक्य असते.

माहितीची वाट ही मात्र दुखरी जागा आहे. चहाच्या टपरीवर किंवा रविवारी मिसळ खाताना निम्मे निर्णय ठरतात. तिथे कंत्राटी कामगार नसतात आणि पाळी संपताच घरच्या कामाला धावणाऱ्या बायकाही नसतात. टपरीवरच्या गप्पा बंद करता येणार नाहीत, करूही नयेत. तिथे ठरलेला विषय पुन्हा बैठकीत मांडून सर्वांना बोलू देणे हे वरिष्ठाचे काम आहे.

सरकारी कचेऱ्यांत हे राजकारण मुख्यतः बदल्यांभोवती फिरते. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षे ठरवला, आणि वर्तणूक नियमांत बाहेरचे वजन आणण्यास मनाई आहे. नियम लेखी असल्यामुळे विनंती-बदलीचा अर्ज कारणांसह वेळेत देणे आणि पोच घेऊन ठेवणे हाच वशिल्याला सरळ पर्याय.

समजूतदारपणा कुठे थांबतो हेही कळले पाहिजे. लैंगिक छळ, जातीवरून अपमान, खोट्या नोंदींवर सही करण्याचा दबाव यांना राजकारण म्हणून सांभाळून घेणे चूक आहे. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार सर्वसाधारणपणे ३ महिन्यांत लेखी द्यायची असते. ‘ऑफिसात एवढं चालतंच, ताई’ असे सांगून थोपवणारा सहकारी तिचे हे ३ महिने खात असतो. घटनेची तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होते हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलेले असले, तर समितीपुढे तेच उपयोगी पडते.